मापटे, पायली आणि मेमरी कार्ड

मित्रहो, बेळगाव-खानापूर भागात भात पायलीने मोजताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना आजचा अर्धा विषय, म्हणजे संगणकातली बिट आणि बाइट ही मापे, आधीच ठाऊक आहे. दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, म्हणजे आठ मापट्यांची एक पायली होते. तसेच आठ बिट मिळून एक बाइट होतो. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढीच नोंद. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या शोधनिबंधात 'बिट' हा शब्द वापरला आणि त्याचे श्रेय त्यांचे सहकारी जॉन ट्युकी यांना दिले.

गोंधळ होतो तो दोन्ही शब्दांचे आद्याक्षर एकच असल्यामुळे. इंग्रजी मोठा बी म्हणजे बाइट आणि लहान बी म्हणजे बिट, हा संकेत बारीक छपाईत सहज नजरेतून सुटतो. कार्डावरचा आकडा बाइटमध्ये असतो, तर कॅमेऱ्यातला चित्रीकरणाचा वेग बिटमध्ये.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या आदल्या दिवशी ओळखीचा एक तरुण छायाचित्रकार माझ्याकडे आला. कॅमेऱ्यात सेकंदाला १०० मेगाबिट (मेगा म्हणजे दहा लाख) असा वेग दिसत होता आणि जवळ ३२ जीबीचे, म्हणजे ३२ हजार मेगाबाइटचे, कार्ड होते. "काका, ३२ हजाराला शंभराने भागलं तर ३२० सेकंद होतात. सव्वापाच मिनिटांत कार्ड भरणार, मग रात्रभराची मिरवणूक कशी घेऊ?" भागाकार बरोबर होता, पण त्याने पायल्यांना मापट्यांनी भागले होते. १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट. ३२ हजारांना साडेबाराने भागले की २,५६० सेकंद, म्हणजे जवळजवळ त्रेचाळीस मिनिटे मिळतात. एका कार्डात रात्र निघणार नव्हतीच, पण त्याने ठरवलेली कार्डांची संख्या आठपट होती, आणि नुकताच व्यवसायात उतरलेल्या मुलाला तो खर्च झेपणारा नव्हता.

आता आपल्या लिपीकडे वळतो, कारण हा भाग मला फार जवळचा आहे. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणारी व्यवस्था; तिच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'बेळगाव' लिहिताना ब, मात्रा, ळ, ग, काना आणि व अशी सहा चिन्हे लागतात, म्हणजे अठरा बाइट किंवा १४४ बिट; रोमन लिपीतले एक अक्षर मात्र एकाच बाइटात मावते. कन्नडचे चिन्हही तीनच बाइट घेते. या सीमाभागात दोन्ही भाषा रोज कानावर पडणाऱ्या आपल्यासारख्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते, की कार्डाच्या हिशेबात दोघींचे माप सारखेच आहे.

राहिला प्रश्न ३२ जीबीचे कार्ड संगणकावर २९.८ दिसण्याचा. तिथे बिटचा संबंध नाही. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, तर विंडोज १,०२४ ने तीनदा भागते. या दुसऱ्या मापासाठी १९९८ मध्ये गिबिबाइट असे वेगळे नाव दिले गेले, पण विंडोजच्या पडद्यावर जीबी हेच अक्षर राहिले. तेवढ्यासाठी दुकानदाराशी भांडू नका. बनावट कार्ड बहुधा पूर्ण आकडाच दाखवते आणि प्रत्यक्षात कमी साठवते, म्हणून नवे कार्ड एकदा काठोकाठ भरून त्यातल्या फायली परत उघडून पाहाव्यात, आणि हे काम मिरवणुकीच्या आधी करावे.