ओल्या भाताचे वजन

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाचे कार्यकर्ते आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय 'घरशिक्षणातील मूल्यमापन : तत्त्वे आणि पद्धती' असा छापला आहे. हे शीर्षक मीच श्रावणात कळवले होते. श्रावणात भात हिरवे असते आणि शेतकऱ्याला थोडी सवड असते, त्यामुळे तत्त्वे सुचतात. आता आश्विन चालू आहे, हळवे, म्हणजे लवकर पिकणारे भात खळ्यावर आले आहे, त्यानंतर पिकणारे निमगरवे कापणीची वाट पाहत आहे, आणि आज दुपारी घरातून निघताना पेंढ्यांच्या उडवीवर ताडपत्री नीट बसली आहे की नाही याच विवंचनेत मी होते. तेव्हा मूल्यमापनावर मी येईनच, पण खळ्यावरून येईन. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी खळे आहे किंवा एके काळी होते, म्हणून ही वाट कोणाला अनोळखी वाटू नये.

आमच्या घरी दोन मुले आहेत. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सात वर्षांचा. दोघांचेही नाव शाळेच्या पटावर नाही. शिकणे घरी, शेतात आणि गावात चालते. पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडे पुस्तकांचे असतात, कारण लावणी आटोपली की बाहेर पाऊस आणि घरात कंटाळा असतो, आणि कंटाळ्यासारखा वाचनाचा मास्तर दुसरा नाही. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्तात गेला की हे सगळे पालटते. सकाळी पात्यांवर दव असते, ओल्या भाताला विळा लावण्यात अर्थ नसतो, म्हणून दव उतरेपर्यंत पडवीत वाचन आणि लेखन होते. 'दव उतरले' हीच आमची मधल्या सुट्टीची घंटा, आणि ही मधली सुट्टी संध्याकाळपर्यंत चालते. मुले कापतात थोडे, पेंढ्या मोजतात पुष्कळ, आणि चित्रा नक्षत्रातली विजेची सर दुपारी डोंगरावरून उतरताना दिसली की पेंढ्या झाकायला सर्वांच्या आधी धावतात. ओढ्याच्या दगडावर शेपूट हलवणारा करडा धोबी आला की धाकटा त्याच्या येण्याची तारीख भिंतीवर कोळशाने लिहितो. तो पाहुणा हिमालयाकडून आला आहे हे त्याला मी सांगितले. मागच्या वर्षीपेक्षा चार दिवस उशिरा आला हे त्याने मला सांगितले.

आता मूळ गोष्ट. ती गेल्या वर्षीची आहे.

गेल्या आश्विनात झोडणी झाल्यावर थोरलीने एक पोते स्वतःचे म्हणून मागून घेतले. ते भात विकून येणाऱ्या पैशांतून तिला दुर्बीण घ्यायची होती. तिने ते वजनकाट्यावर घातले, ते नेमके चाळीस किलो भरले, आणि तिने तो आकडा वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग ते शेणाने सारवलेल्या खळ्यावर पसरून तीन दिवस उन्हात वाळवले. चौथ्या दिवशी पुन्हा काट्यावर घातले, तर ते सदतीस किलो दोनशे ग्रॅम भरले. दोन किलो आठशे ग्रॅम भात नाहीसे झाले होते.

संशय अर्थातच कोंबड्यांवर गेला. धाकट्याने साक्ष दिली की तांबड्या कोंबडीला त्याने खळ्याच्या कडेला दोनदा पाहिले होते. सर्व कोंबड्यांना डालग्याखाली स्थानबद्ध करण्यात आले आणि पुढचे दोन दिवस दोघे भावंडे आळीपाळीने काठी घेऊन खळ्यावर बसली. मी मध्ये पडले नाही. मध्ये न पडणे हे घरी शिकवणाऱ्या आईवडिलांचे सर्वांत अवघड काम आहे, आणि ते मला दहातून दोनदा साधते. त्या दोनांपैकी ही एक वेळ होती. शेवटी शेजारच्या आजी पाणी न्यायला आल्या, त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "अगो चेडवा, पाणी उडाला, भात खंय जातला?"

एवढ्याने कोंबड्यांची सुटका व्हायला हवी होती, पण थोरलीला पुरावा हवा होता. ती दोन मुठी भात घेऊन भातगिरणीवर गेली. तिथे ओलावा मोजायचे यंत्र आहे. झोडणीच्या दिवशी गिरणीवाल्यांनी आमच्या भातात वीस टक्के पाणी सांगितले होते. आता त्यांनी चौदा सांगितले. घरी येऊन तिने हिशेब मांडला. वीसमधून चौदा गेले, राहिले सहा. चाळीस किलोचे सहा टक्के म्हणजे दोन किलो चारशे. घट तर दोन किलो आठशेची होती. उरलेल्या चारशे ग्रॅमसाठी कोंबड्या पुन्हा डालग्याखाली गेल्या.

आपल्यापैकी कोणाकोणाला यात चूक दिसते? हात वर करायची गरज नाही, मी पाहत नाही. मी सांगते ते एवढ्यासाठी की, त्या दिवशी मलाही ती लगेच दिसली नव्हती, आणि मी पदवीला गणित घेतले होते. योगायोग असा की त्याच दुपारी शाळाबाह्य मुलांची नोंद करायला एक गृहस्थ आमच्या खळ्यावर आले. सज्जन माणूस, उन्हातून चालत आलेला. त्यांनी थोरलीला विचारले, "बाळ, तू कितवीत?" ती पोत्यावरून मान वर न करता म्हणाली, "सध्या कापणीत." त्यांच्या तक्त्यात या इयत्तेसाठी रकाना नव्हता. मुले शाळेत का नाहीत, या प्रश्नापुढे स्थलांतर, गरिबी, आजारपण अशी कारणे छापलेली होती. त्यांपैकी आमचे कोणते, यावर आम्ही दोघांनी चहा घेता घेता पुष्कळ विचार केला. मग थोरलीने त्यांच्यापुढे चारशे ग्रॅमचा प्रश्न ठेवला. त्यांनी खिशातून पेन काढले, तक्त्याच्या मागच्या बाजूला गणित केले, आणि दोन किलो चारशे हेच उत्तर आणले. मग ते म्हणाले, "कोंबड्याच असणार." मी त्यांची थट्टा करत नाही. त्यांच्या जागी बसणाऱ्या शंभरातल्या नव्वदांनी हेच उत्तर काढले असते, कारण आपण सगळे टक्के शिकलो ते परीक्षेसाठी, आणि परीक्षेत टक्के कशाचे हे प्रश्नातच लिहिलेले असते.

रात्री जेवताना उलगडा झाला. चाळीस किलोत वीस टक्के पाणी म्हणजे आठ किलो पाणी, म्हणून कोरडा माल बत्तीस किलो. तो बत्तीसच राहतो. ऊन त्याला हात लावत नाही. वाळल्यावर पाणी चौदा टक्के आहे, पण ते चौदा टक्के चाळीस किलोचे नव्हेत, नव्या वजनाचे आहेत. म्हणजे नव्या वजनाचे शहाऐंशी टक्के बत्तीस किलो. बत्तीसला शंभराने गुणून शहाऐंशीने भागले की सदतीस किलो दोनशे. काटाही खरा, गिरणीवालेही खरे, कोंबड्याही निर्दोष. धाकटा उठला आणि अंधारात जाऊन डालगे उचलून आला.

ही गोष्ट मी इतकी लांबवली याबद्दल कार्यवाहांची क्षमा मागते. त्यांनी आताच चिठ्ठी पाठवली आहे की दहा मिनिटे उरली. पण तिची एक बाजू अजून सांगायची आहे. त्याच वर्षी आषाढात थोरलीने शेकडेवारीची चाळीस उदाहरणे सोडवली होती आणि ती सगळी बरोबर आली होती. मी खूश होऊन वहीवर चाळीसपैकी चाळीस लिहिले होते. आश्विनात खळ्यावर तीच मुलगी त्याच शेकडेवारीत अडकली. म्हणजे आषाढातले ते चाळीस गुण ओल्या भाताचे वजन होते. या वर्षी पुन्हा पोते भरले तेव्हा तिने आकडा लिहिण्याआधी गिरणीवाल्यांना विचारले, "टक्के कशाचे?" हे वाळल्यावरचे वजन. माझे मूल्यमापनाचे तत्त्व, जे पत्रिकेवर अनेकवचनात छापले गेले आहे, ते एवढे एकच आहे: शिकवल्याबरोबर मोजू नये. मध्ये ऊन लागू द्यावे.

शाळेचे वेळापत्रक नेमके याच्या उलट चालते, ही माझी जुनी तक्रार आहे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत शिकवायचे, शेवटच्या आठवड्यात घोकून घ्यायचे, लगेच सहामाही घ्यायची, आणि दिवाळीच्या सुट्टीत मूल ते विसरते तेव्हा ते मोजायला कोणी नसते. शिवाय ही परीक्षा येते केव्हा, तर गावात मोजण्यासारखे सर्वांत जास्त असते त्याच पंधरवड्यात. वर्ध्याला 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून झाकिर हुसेन समिती व पुढे नई तालीम, म्हणजे हातकामातून शिकवण्याची पद्धत, निघाली. ती परिषदही सुगीच्या दिवसांतच भरली होती. पण त्या विचारातली सूत काढायची टकळी तेवढी आपल्या लक्षात राहिली, काम हेच अभ्यासाचे पुस्तक होऊ शकते हे विसरले गेले. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणातल्या कार्यकर्त्यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच कुरणात नेली. गुरे सोडून मुलांनी शाळेत यावे असा हट्ट धरला नाही. आम्ही करतो त्यात नवे काही नाही.

आता पद्धती, घाईने. प्रत्येक मुलाची एक वही आहे. ज्येष्ठ-आषाढात जे शिकून झाले त्याची यादी तिच्या मागच्या पानावर असते आणि मुलांना ती पाहायची मुभा असते. आश्विन-कार्तिकात कामाच्या ओघात त्यातला एकेक विषय आपोआप पुढे येतो किंवा मी हळूच आणते, आणि त्या वेळी मूल काय करते ते तारखेसह दोन ओळींत लिहिते. गुण देत नाही. जे वाळून उरले नाही ते पौषात पुन्हा शिकवते. सूर्याच्या सावलीचे उदाहरण घ्या. अंगणात एक मीटरची काठी उभी आहे. विषुवदिनी, 22 किंवा 23 सप्टेंबरला, तिची माध्यान्हीची सावली आमच्याकडे सुमारे 29 सेंटिमीटर पडते आणि डिसेंबरच्या एकविसाव्या-बाविसाव्या तारखेला सुमारे 82. दोन वर्षे विषुवदिन ढगांनी खाल्ला. तिसऱ्या वर्षी थोरलीने काठी आणि सावली आलेखाच्या कागदावर काढली, कोनमापक लावला आणि सोळा अंश वाचले. मग नकाशा पाहून ओरडली, कारण आमचे अक्षांशही सोळाच्या आसपास आहेत. वहीत तेवढेच लिहिले आहे: 'ओरडली.'

धाकट्याच्या वहीतली एक नोंद मला फार आवडते. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही धान्य मोजायची जुनी मापे प्रत्येक पायरीला दुप्पट होत जातात. पायलीत सोळा चिपटी मावतात. त्याने पावसात खेळताना पाहिले की पाचही मापे एकेकदाच वापरली तरी एकापासून एकतीस चिपट्यांपर्यंत हवे ते माप मिळते. संगणकाची द्विमान पद्धत हीच आहे, हे मी त्याला सांगितलेले नाही. याही गोष्टीला थोडे ऊन लागू द्यायचे आहे.

कायद्याबद्दल प्रश्न येणारच, म्हणून सांगते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य, असे त्याचे दहावे कलम म्हणते. घरशिक्षणाबद्दल मात्र कायदा काहीच बोलत नाही. चौथ्या कलमाने मूल केव्हाही वयानुरूप वर्गात प्रवेश घेऊ शकते, हे आम्ही दोन्ही मुलांना सांगून ठेवले आहे, आणि धाकट्याने एकदा रागाच्या भरात त्या कलमाची धमकीही दिली आहे. चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येते. ही संस्था 1989 ची आहे. किमान पाच विषय घ्यावे लागतात, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. मला ही नऊ संधींची तरतूद फार शहाणपणाची वाटते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय खाली बसणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमची मुले कापणी करतात ती आवडीने, कारण एका पगाराचा आधार घरात आहे. आमच्याच वाडीतली दोन मुले कापणीसाठी शाळा बुडवतात ती मजुरी वाचवण्यासाठी, आणि त्यांच्यासाठी शाळेतला तो चुकलेला आठवडा म्हणजे खरे नुकसान असते. खळे सर्वांचे सारखे नसते. थोरलीचे शुद्धलेखन अजून डळमळीत आहे आणि धाकट्याला इंग्रजी अक्षरांशी काही देणेघेणे नाही, हेही आपल्या कानावर घालते. नाहीतर आमच्या घरी रोज सावल्या मोजून कोणीतरी ओरडत असते असा समज व्हायचा.

कार्यवाह उभे राहिले आहेत. प्रश्नोत्तरांसाठी वेळ राहिला नाही, तरी मी दाराशी थांबेन. टेबलावर मांडलेली मापे हाताळायला हरकत नाही, फक्त चिपटे कोणी खिशात घालू नये. नरक चतुर्दशीला पहाटे कारीट फोडून झाले की आमच्याकडे नव्या भाताचे पोहे पाच प्रकारे होतात. त्यांची वाटणी धाकटा करतो, आणि ते चिपटे हरवले तर त्याला एकतीसपर्यंत पोचता येणार नाही.