सांदवाडी मागे राहिली, आता जनावर कोणतं आणावं?

नमस्कार, श्रोतेहो.

मागच्या उन्हाळ्यात एक काकाजी माझ्या दवाखान्यात आले. ओळख पंधरा वर्षांची. कधी बैलाचा खांदा सुजलेला, कधी गाय पान्हवत नाही, कधी बकरीनं नको ते खाल्लेलं, असं काही ना काही घेऊन ते यायचे. त्या दिवशी मात्र हातात दावं नव्हतं. बाकावर बसले, बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "मॅडम, हे वाचा अन् सांगा मले, मी कोन्तं जनावर पाळू?"

कागद सोसायटीच्या नियमांचा होता. वर्षभरापूर्वी बैलजोडी विकून, वावर मक्त्यानं देऊन ते तालुक्याला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले होते. चौथा मजला, लिफ्ट नाही. कागदात पाण्याची वेळ होती, गाड्या कुठं लावायच्या ते होतं, गच्चीवर वाळवण घालू नये असंही होतं. आणि खाली एक ओळ: कोणताही प्राणी अथवा पक्षी पाळण्यास सक्त मनाई.

"साठ वर्षं उठलो की आधी गोठ्यात जात होतो," काकाजी म्हणाले. "आता उठून कुठं जाऊ?"

हा प्रश्न एकट्या काकाजींचा नाही. वर्धा घ्या, यवतमाळ घ्या, अमरावती घ्या, आपल्या तालुक्याच्या गावांमध्ये आता तीन-चार मजली इमारती झाल्या आहेत. पोरांच्या शाळेसाठी, ट्यूशनसाठी, म्हाताऱ्यांच्या दवाखान्यासाठी लोक गाव सोडून तिथं येतात. घर मागे राहतं, सांदवाडी म्हणजे घरामागची मोकळी जागाही मागे राहते, पण जनावरांची सवय सोबत येते. लेकरं कुत्र्याचं पिल्लू मागतात, आजी म्हणते निदान एक मिठू तरी असू द्या. म्हणून आज याच विषयावर तुमच्याशी बोलणार आहे.

आधी त्या 'सक्त मनाई'बद्दल. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं 2015 साली पाळीव प्राण्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीला कुत्र्यासारखे पाळीव प्राणी ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव केला तरी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कुत्रा भुंकतो एवढ्या कारणावरून त्याला हाकलता येत नाही. लहान जातीचाच पाळा, मोठा नको, असंही सांगता येत नाही. मात्र त्याच सूचनांमध्ये पाळणाऱ्यावरही जबाबदारी टाकली आहे. लसीकरण वेळेवर करायचं, बाहेर नेताना पट्टा लावायचा, घाण होणार नाही हे पाहायचं आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ द्यायचा नाही. तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षांकडे जाताना त्या सूचनांची प्रत न्या आणि सोबत लसीचं कार्डही न्या. माझा अनुभव असा आहे की कार्ड पाहिलं की निम्मा विरोध मावळतो. भाड्यानं राहत असाल तर भाडेकरारातली अट आधी वाचा आणि घरमालकाची परवानगी लेखी घ्या. तोंडी 'हो' म्हटलेलं पुढं कोणी लक्षात ठेवत नाही, आणि मग पिल्लू रस्त्यावर येतं.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, तरी पिल्लू घरात आणण्याआधी थोडं थांबा. गावात आपण जनावराला किती कमी देत होतो, हे आपल्याला कधी कळलंच नाही, कारण बाकीचं सगळं सांदवाडी देत होती. कुत्रं दिवसभर हिंडायचं, मांजर कवेलूवरून घराघरांत फिरायची, कोंबड्या उकिरड्यावर पोट भरायच्या. आपण फक्त उरलेली भाकर टाकायचो. फ्लॅटमध्ये सांदवाडी नाही. तिनं जे दिलं ते सगळं आता तुम्हाला स्वतःच्या हातानं द्यावं लागतं, रोज, दहा-बारा वर्षं. मग विचार असा करायचा की माझ्या दोन खोल्या, माझा जिना आणि माझे दिवसातले मोकळे तास कोणत्या जनावराला पुरतील?

काकाजींना मी हेच म्हटलं. कुत्रा पाळायला तुम्हाला कोणी अडवू शकत नाही, पण तुमचे गुडघे अडवतील. कुत्र्याला दिवसातून किमान दोनदा खाली न्यावंच लागतं. चार मजले दोनदा उतरायचे, दोनदा चढायचे, पावसातही आणि ताप आला तरी. ते गप्प बसले. त्यांनी स्वतः कधी जनावर उपाशी किंवा कोंडून ठेवलं नव्हतं, म्हणून बोलणं लगेच पटलं.

ज्यांचे पाय धड आहेत आणि घरी कोणी तरी असतं, त्यांनी कुत्रा जरूर पाळावा. पण गावठी पाळावा, हे मी अगदी कळकळीनं सांगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जीभ बाहेर काढून अंगातली उष्णता घालवतो. पगचं नाक बसकं, त्याला धापच नीट टाकता येत नाही. हस्की तर सैबेरियाच्या बर्फातलं कुत्रं, अंगावर केसांचे दोन थर. अशी कुत्री हौसेनं आणतात आणि उन्हाळ्यात उष्माघात झाला की माझ्या टेबलावर आणून ठेवतात. आपलं गावठी कुत्रं याच मातीतलं आहे, आखूड केसांचं आहे, चिवट आहे. त्यालाही उन्हाळ्यात फिरवायचं ते सकाळी सातच्या आत आणि दिवस बुडाल्यावर. डांबरावर आपला पालथा हात पाच सेकंद ठेवून पाहा. हाताला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसणारच. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्या आणि पुढं दरवर्षी न चुकता द्या. आणि कांदा-लसणाची फोडणी असलेलं वरण, भाजी त्याला घालू नका. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

नवरा-बायको दोघंही सकाळी नऊला कामावर जाऊन संध्याकाळी सातला येत असतील, तर कुत्रा आणू नका. दहा तास एकटं कोंडलेलं कुत्रं दार ओरबाडतं, रडतं. शेजारी त्याची तक्रार करतात तेव्हा त्यांना वाईट ठरवू नका. कुत्रं दुःखी आहे एवढंच ते तुम्हाला कळवत असतात.

आता मिठूबद्दल बोलते, कारण यात चांगली माणसंही चुकतात. उन्हाळ्याच्या तोंडी आठवडी बाजारात कोणी तरी फडक्यानं झाकलेली टोपली घेऊन कोपऱ्यात बसलेला दिसतो. फडकं उचललं की आत पिसंही न फुटलेली राघूची पिल्लं. झाडाच्या ढोलीतून काढलेली, चोची उघडून एकमेकांवर चढणारी. आपल्या आज्या-पणज्यांच्या ओसरीवर राघूचा पिंजरा असायचा हे खरं आहे. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं राघू पाळणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे, त्यात तुरुंगवास होऊ शकतो. तेच मुनियाचं, तेच कासवाचं, आणि तेच कापसाच्या नाही तर तुरीच्या वावरात सापडणाऱ्या सशाच्या पिल्लाचं. पऱ्हाटीत सशाचं पिल्लू एकटं दिसलं म्हणजे ते टाकून दिलेलं नसतं. त्याची माय दिवसा दूर राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. त्याला उचलू नका. कोणी उचलून आणलंच असेल, तर वन विभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा.

पक्षी पाळायचाच असेल तर बाजारात ज्याला सगळे 'लव्हबर्ड' म्हणतात तो घ्या. ते बहुतेक बजरीगर असतात, मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पिंजऱ्यातच वाढलेले. एकटा ठेवू नका, जोडीनं ठेवा. पिंजरा उंचीपेक्षा लांबीला जास्त हवा, कारण ते आडवे उडतात. राळा, बाजरी, थोडा पालक, थोडी कोथिंबीर द्या. पिंजरा स्वयंपाकघरात कधीच टांगू नका. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या धुरानं पाखरं काही मिनिटांत मरतात. कूलरचा झोतही थेट अंगावर नको. आणि ते दिवसभर किलबिलतात, ही गोष्ट भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्याला आधी विचारून घ्या.

सशाबद्दल मला स्वतःचं सांगावं लागेल. माझी मुलगी आठ वर्षांची असताना आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. तिच्यासाठी मी पांढरा पाळीव ससा आणला. नियमात बसत होता, आवाज नाही, वास कमी. पिंजरा पश्चिमेच्या गॅलरीत टिनाखाली ठेवला. मे महिन्यात मी एका गावी खुरकतीच्या लसीकरणाला गेले, मागे वीज गेली आणि पंखा बंद पडला. तीन वाजता परत आले तेव्हा ससा लांब ताणून पडला होता, कान हाताला तव्यासारखे लागले. ओला कपडा गुंडाळला, पाणी लावलं, पण तो वाचला नाही. सशाला तीस अंशांपुढची उष्णताच त्रास देऊ लागते, आणि मी त्याला विदर्भातल्या मे महिन्यात टिनाखाली ठेवलं होतं. मी पशुवैद्य होते, मला हे माहीत होतं, तरी मी जागा निवडताना फक्त सोसायटीला काय चालेल एवढंच पाहिलं. सशाला काय चालेल ते पाहिलं नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात दिवसभर थंड राहील अशी खोली ज्यांच्याकडे नाही, त्यांना मी ससा घेऊ देत नाही.

मासे मात्र मला फ्लॅटसाठी फार आवडतात, आणि त्यातही आपले गप्पी. गप्पी मासे खेड्यात कोणाला नवीन नाहीत. हिवताप, डेंग्यूच्या डासअळ्या खाव्यात म्हणून आरोग्य विभागाची माणसं ते गावोगाव टाक्यांत सोडतात. दोन फूट लांबीची टाकी, सात-आठ गप्पी आणि थोडी पाणवनस्पती, एवढ्यानं लेकरांना तासभर गुंतवून ठेवणारं जग तयार होतं. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, ते पाहताना मुलं श्वास रोखतात. आणि एक गोष्ट खास आपल्याकडची. बोअरचं जड पाणी, ज्यावर डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते गप्पी आणि मॉली या माशांना मानवतं. अकोला, अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी मॉली जरूर ठेवून पाहावेत. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडण्यासाठी एक दिवस उघड्या बादलीत ठेवा. सगळं पाणी एकदम बदलू नका, आठवड्याला पाव भाग पुरे. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, तेव्हा बर्फ केलेली पाण्याची बंद बाटली टाकीत तरंगत ठेवा. वीज जाते म्हणून बॅटरीवरचा छोटा पंप घरात असू द्या. काचेच्या गोल भांड्यातला गोल्डफिश मात्र घेऊ नका. तो वीतभर वाढतो, दहा वर्षांहून जास्त जगू शकतो, आणि त्या भांड्यात काही महिन्यांत गुदमरून मरतो.

काकाजींना मासे पटले नाहीत. "त्याईच्या अंगावरून हात कसा फिरवू?" ते म्हणाले. मग आम्ही मांजरावर आलो.

मांजराला जिने उतरावे लागत नाहीत. एका पसरट टबात नदीची कोरडी रेती भरा, ते स्वतः तिथं जातं, माती ओढून झाकतं. टब रोज साफ करा म्हणजे वास येणार नाही. गॅलरीला आणि खिडक्यांना जाळी लावून घ्या, कारण चौथ्या मजल्यावरून कबुतरावर झेपावलेलं मांजर मी शिवलेलं आहे. शेजारी सगळ्यात जास्त वैतागतात ते माजावर आलेल्या मादीच्या रात्रीच्या ओरडण्यानं. सहाव्या महिन्याच्या आसपास ऑपरेशन केलं की ते कायमचं थांबतं आणि पिल्लंही होत नाहीत. शाकाहारी घरांना एक गोष्ट आधी सांगते. दूध-पोळीवर मांजर जगत नाही. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो मिळाला नाही तर त्याची नजर जाते, हृदय कमकुवत होतं. गावातल्या मांजरी दूध-पोळीवर जगत होत्या असं आपल्याला वाटायचं. त्या रात्री उंदीर खात होत्या. फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत, तेव्हा घरात उकडलेलं चिकन, मासे किंवा तयार खाद्य चालणार नसेल, तर मांजर आणू नका.

काकाजींच्या घरी चालत होतं. सोसायटीच्या अध्यक्षांकडे मी स्वतः त्यांच्यासोबत गेले. मंडळाच्या सूचना वाचून दाखवल्या, ऑपरेशन आणि लस झालेली मांजर असेल असं लिहून दिलं. दोन बैठका झाल्या. शेवटी ती ओळ खोडून तिथं पट्टा, लस आणि स्वच्छतेचे नियम लिहिले गेले. बाजारातल्या एका धान्याच्या दुकानामागं सापडलेली करड्या पट्ट्यांची मादी काकाजींनी नेली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी सहज त्यांच्याकडे गेले. खांदशेकणीची वेळ. गावात या वेळी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात. काकाजी गॅलरीत पाट टाकून बसले होते, मांडीवर मांजर. हळद, लोणी काही लावू नका, ती चाटेल, असं मी आधीच बजावलं होतं, म्हणून नुसताच कोमट हात तिच्या मानेमागून खांद्यावर फिरत होता. त्यांना मी आलेली कळलं नाही. ते वाकले आणि दरवर्षी जोडीच्या कानात सांगायचे तेच हळूच तिच्या कानात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."