वाटीवरची पिशवी

जळगावच्या एका नव्या वसाहतीत फरशीचे काम चालू आहे. कारागीर दोन्ही गुडघे टेकून पुढे वाकतो, सिमेंट-वाळूच्या मालावर फरशी ठेवतो, रबरी हातोड्याने ठोकून पाणसळ लावतो आणि न उठताच पुढे सरकतो. त्याच्या गुडघ्याखाली आहे ती सिमेंटची रिकामी गोणी. अंगाचा बराचसा भार जिथे येतो आहे, तिथे त्वचा आणि गुडघ्याची वाटी यांच्यामध्ये मांसाचा थर नसतो. असते ती बर्सा नावाची पातळ पिशवी.

निरोगी गुडघ्यात ही पिशवी चपटी असते. आतल्या अस्तरातून पाझरणाऱ्या किंचित बुळबुळीत द्रवामुळे तिचे दोन्ही पदर एकमेकांवर सहज घसरतात आणि गुडघा वाकताना वाटीवरची त्वचा न घासता सरकते. गुडघ्याभोवती अशा दहाच्या आसपास बर्सा आहेत. वाटीच्या वर, मांडीच्या हाडासमोर असलेली बर्सा बहुतेकांमध्ये सांध्याच्या पोकळीशी जोडलेली असते, त्यामुळे सांध्यात पाणी झाले की तीही फुगते. नडगीच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या रेषेखाली सुमारे 5 सेंटिमीटरवर, मांडीच्या तीन स्नायूंच्या कंडरा हाडाला चिकटतात आणि त्यांच्याखालीही एक बर्सा असते. जिना चढताना तिथे दुखू लागले की अनेक स्त्रिया ते झिजेचेच दुखणे समजतात. वाटीसमोरची बर्सा मात्र सहसा सांध्याशी जोडलेली नसते, आणि तपासणारा डॉक्टर याच गोष्टीचा आधार घेतो.

कारागिराने पॅन्ट वर सरकवताच वाटीच्या नेमका पुढे लिंबाएवढा फुगवटा दिसतो. पाय सरळ करताना त्याला फारसे दुखत नाही, पूर्ण वाकवला की त्वचा ताणली जाऊन दुखते. सांध्यातच पाणी असते, तर सूज वाटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना पसरली असती, आणि दाबल्यावर वाटी तरंगल्यासारखी हलली असती. लोक दोन्हींना ‘गुडघ्यात पाणी झाले’ असेच म्हणतात. बर्साच्या या सुजेवर मात्र पहिला उपाय गुडघा टेकणे थांबवणे हाच आहे. रोजंदारीवरच्या माणसाला तो परवडत नाही, म्हणून गुडघ्याचा जाड पॅड हा थापी-हातोड्याइतकाच अवजारांचा भाग मानून ठेकेदाराने द्यावा, असे आम्हांला वाटते.

फुगवटा लाल आणि गरम झाला, ताप आला, तर बहुधा खरचटलेल्या त्वचेतून जंतू आत गेलेले असतात. तेव्हा सुईने द्रव काढून तपासावा लागतो, प्रतिजैविके सुरू करावी लागतात आणि उशीर महागात पडतो.