दोन उपग्रहांमधलं अंतर मोजणारा माणूस : बायरन टॅपली

माझ्या आजोळी विहिरीपाशी एक दोर टांगलेला असायचा, हातभर अंतरावर गाठी मारलेल्या आणि टोकाला दगड. उन्हाळा लागला की आजोबा तो खाली सोडायचे, दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला की किती गाठी गेल्या ते मोजायचे आणि मग ऊस ठेवायचा की नाही ते ठरायचं. आज ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांनी जमिनीतलं पाणी पाचशे किलोमीटर वरून मोजून दाखवलं, तेही पाणी न बघता, नुसतं त्याचं वजन ओळखून.

बायरन टॅपली, टेक्सास विद्यापीठ, ऑस्टिन. 1960 ला पीएचडी झाले आणि तिथेच शिकवायला लागले. विषय काय तर उपग्रहाची कक्षा अचूक काढणं, म्हणजे ऐकायला अगदी रुक्ष. पण गंमत बघा, पृथ्वी काही एकसारखा गुळगुळीत चेंडू नाही, कुठे डोंगर, कुठे खोल दगड जड, कुठे हलका, त्यामुळे ओढ जागोजागी कमी-जास्त होते आणि उपग्रह गणितातल्या कक्षेपासून थोडा ढळतो. कक्षा काढणाऱ्याला हा नुसता त्रास वाटेल, गणितातली एरर. टॅपलींनी आणि त्या पिढीतल्या काही जणांनी ती एररच जपून ठेवली, कारण पृथ्वीचं वजन कुठे किती आहे हे त्या एररमध्येच लिहिलेलं असतं. मला विचाराल तर त्यांचं अख्खं करिअर या एका गोष्टीत आहे.

1976 ला लॅजिओस नावाचा उपग्रह सोडला, साठ सेंटीमीटरचा गोळा, अंगभर 426 आरसे, आत एकही यंत्र नाही. जमिनीवरून लेझर मारायचा, परत यायला किती वेळ लागला ते बघायचं, बस. असा डेटा वर्षानुवर्षं चाळत बसायला केवढा धीर लागतो! 1981 ला टॅपलींनी विद्यापीठात सेंटर फॉर स्पेस रिसर्च सुरू केलं. पुढे 1992 ला समुद्राची उंची मोजणारा टोपेक्स-पोसायडन गेला, त्याची कक्षा उंचीत 13 सेंटीमीटरपर्यंत बरोबर हवी अशी अट होती, प्रत्यक्षात ती दोन-तीन सेंटीमीटरवर आली, आणि त्यात टॅपलींच्या गटाने बसवलेल्या गुरुत्वाच्या मॉडेलचा मोठा वाटा होता.

आणि मग ग्रेस. नासा आणि जर्मनीची मोहीम, प्रमुख शास्त्रज्ञ टॅपली, त्यांच्या जोडीला पॉट्सडॅमचे क्रिस्टोफ रायगबर. 17 मार्च 2002 ला रशियातल्या प्लेसेत्स्कहून दोन जुळे उपग्रह उडाले, टॅपली तेव्हा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

हे माझे दोन हात म्हणजे ते दोन उपग्रह समजा, एकामागे एक, मध्ये साधारण 220 किलोमीटर, म्हणजे पुणे-कोल्हापूर एवढं. समोर जड भाग आला की पुढचा आधी खेचला जातो, अंतर किंचित वाढतं, मग मागचाही ओढला जातो, तोवर पुढचा तो भाग ओलांडून गेलेला असतो आणि आता मागे खेचला जातोय, म्हणून अंतर घटतं. हा फरक मायक्रोनमध्ये, केसाच्या जाडीचा पन्नासावा-साठावा हिस्सा, आणि तो सतत मायक्रोवेव्हने मोजायचा. हवेचा घासटा वेगळा काढायला पोटात अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे वेगातला बारीक बदल टिपणारं यंत्र, भरती-ओहोटी आणि वातावरणाचं वजन गणितातून वजा, आणि साधारण महिन्याला पृथ्वीच्या ओढीचा एक नवा नकाशा. एक नकाशा आधीही होता हो, पण दर महिन्याला काय बदललं हे पहिल्यांदाच दिसलं. डोंगर महिन्याभरात हलत नाहीत, हलतं ते मुख्यतः पाणी आणि बर्फ.

ग्रीनलंडचा बर्फ वर्षाला शेकडो अब्ज टनांनी घटतोय हे या जोडीने थेट वजन करून सांगितलं. आणि आपल्या देशाचं ऐका. 2009 मध्ये रॉडेल, वेलिकोग्ना आणि फॅमिग्लिएटी या शास्त्रज्ञांनी याच डेटावरून दाखवलं की ऑगस्ट 2002 ते ऑक्टोबर 2008 मध्ये राजस्थान, पंजाब, हरियाणाच्या भूजलातून 109 घन किलोमीटर पाणी गेलं, आणि पाऊस त्या काळात साधारण नेहमीसारखाच होता. म्हणजे दुष्काळाने नाही, उपशाने. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोबांचा दोर आठवला आणि खरंच अंगावर काटा आला.

मोहीम आखली होती पाच वर्षांची, चालली पंधरा. बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या तेव्हा 2011 पासून मधूनमधून यंत्रं बंद ठेवून त्या टिकवल्या, शेवटी 2017 ला थांबावंच लागलं. मे 2018 मध्ये ग्रेस फॉलो-ऑन गेली, तिच्यात मायक्रोवेव्हच्या जोडीला लेझरही आहे.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात, आमच्या तालुक्याचं पाणी यात दिसेल का? नाही दिसणार. या जोडीला साधारण तीन-चारशे किलोमीटरचा पट्टाच नीट कळतो, पंजाब-हरियाणा एकत्र दिसतात, एखादं गाव नाही. गावासाठी अजून विहिरीत दोरच सोडावा लागतो, आणि त्या गाठींची नोंद वहीत लिहून ठेवावी लागते.