एकाच रेणूचे दोन वास

हा पुदिना, स्पिअरमिंट जातीचा. पान बोटांत नुसतं चुरगळलं तरी वास नाकात चढतो. आणि हे चपटं, तपकिरी बी म्हणजे बाळंतशेपा, बाळंतिणीला जेवणानंतर चघळायला देतात तो. दोन दाणे चावून पाहा. वास उग्र, उष्ण. पुदिन्याशी याचं काही नातं असेल असं मनातही येत नाही.

पण दोन्हींच्या वासात मोठा वाटा असलेला पदार्थ एकच आहे: कार्व्होन. त्याच्या रेणूत कार्बनचे १० अणू, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचा १. कोणता अणू कोणाला जोडलाय, तेही दोन्हीकडे सारखंच. दोघंही साधारण २३० अंश सेल्सिअसला उकळतात. फरक आहे तो एका कार्बनपाशी. त्याला जोडलेल्या गटांची मांडणी उलटी आहे, म्हणून एक रेणू दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब ठरतो. डावा हात उजव्या हातमोज्यात नीट बसत नाही, तसे हे दोन रेणू एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

एवढ्याशा फरकाने वास बदलतो, यावर रसायनशास्त्रज्ञांचा सहजी विश्वास बसेना. नमुन्यात दुसरंच काही मिसळलेलं असेल, अशी शंका होती आणि ती रास्तच होती. वासाच्या बाबतीत चिमूटभर भेसळही घोटाळा करते. १९७१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन वेगवेगळ्या गटांचे शोधनिबंध आले. काळजीपूर्वक शुद्ध केलेल्या नमुन्यांनाही दोन वेगळेच वास येत होते.

म्हणजे नाक रेणूची नुसती घडण नाही, त्याची बाजूही ओळखतं. ते कसं? नाकात अगदी वर, गंधपेशींवर, वास टिपणारी प्रथिनं असतात. ती ज्या अमिनो आम्लांची बनतात, ती स्वतःच एका बाजूची, ‘डावी’ असतात. त्यामुळे त्यांच्यातल्या खोबणीत कार्व्होनची दोन रूपं सारखी बसत नाहीत. या प्रथिनांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. माणसात अशी सुमारे ४०० प्रकारची प्रथिनं काम करतात. एक रेणू त्यांतल्या अनेकांना कमीअधिक चेतवतो आणि मेंदू तो सगळा मेळ मिळून एक वास म्हणून वाचतो.

आकार सारखा तर वास सारखा, असा सरळ हिशोब मात्र इथे चालत नाही. कडू बदामाचा वास देणाऱ्या बेंझाल्डिहाइडमध्ये १४ अणू आहेत. हायड्रोजन सायनाइडमध्ये फक्त तीन. दोघांच्या ठेवणीत काडीचं साम्य नाही, तरी सायनाइडच्या वासाचं वर्णनही कडू बदामासारखा असंच केलं जातं. काही माणसांना तर तो वास येतच नाही.

म्हणूनच २०२३ चं काम आम्हाला फार मोलाचं वाटतं. त्या वर्षी माणसाच्या एका गंधग्राही प्रथिनाची रचना पहिल्यांदाच अणूंच्या पातळीवर दिसली. नाव ओआर५१ई२. त्याच्या आतल्या इवल्याशा बंदिस्त खोबणीत प्रोपिओनेट अडकलेलं होतं, कार्बनच्या आखूड साखळीच्या एका आम्लाचं रूप, चीजच्या उग्र वासाशी नातं असलेलं. संशोधकांनी खोबणीच्या भिंतीतलं एक मोठं अमिनो आम्ल काढून तिथे लहान बसवलं. जागा वाढली, आणि तेच प्रथिन लांब साखळीच्या आम्लांनाही प्रतिसाद देऊ लागलं.