उतार पाहून फसलेली माणसं

ज्वालामुखी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लालभडक लाव्हा येतो. फोटोत तोच उठून दिसतो, त्याला कोण काय करणार! पण लाव्ह्याच्या वाटेतून माणूस बहुतेक वेळा चालत निघून जाऊ शकतो. घर जातं, शेत जातं, जीव सहसा वाचतो. आज ज्याबद्दल बोलायचंय त्याच्यापुढे पळून उपयोग नसतो. अग्निदलिक प्रवाह हे त्याचं पुस्तकी नाव. तापलेली राख, दगड आणि वायू यांचा लोंढा.

शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, घट्ट असला की त्यातला वायू सहज सुटत नाही. वर येताना दाब कमी होतो, बुडबुडे फुगतात आणि शिलारसाच्याच ठिकऱ्या उडतात. राखेचा खांब आकाशात चढतो. भोवतालच्या हवेपेक्षा तो हलका राहिला नाही की कोसळतो आणि डोंगराच्या अंगावरून खाली सुटतो. कधी विवराशी साचलेला घट्ट लाव्ह्याचा घुमटच ढासळतो. सिमेंटची गोणी उंचावरून फुटली तर भुकटी कशी पाण्यासारखी पसरते? तसंच इथे होतं. कणांमध्ये वायू अडकलेला असल्यामुळे घर्षण जवळजवळ उरत नाही. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे सहज जातो, तापमान कित्येकदा शेकडो अंश सेल्सिअस.

आता खरा घोटाळा. या लोंढ्याला दोन अंगं असतात. खालचं जड, दगडधोंड्यांचं. ते दरी धरून जातं. वरचं हलकं, राख आणि वायूचं. ते दरी सोडतं, टेकाड चढतं. माणसं हिशेब करतात तो खालच्या अंगाचा.

कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर १९०२ साली माँट पेले हा ज्वालामुखी धुमसत होता. दऱ्या समुद्राकडे उघडतात, तेव्हा सेंट पिएर शहराला धोका नाही, असा निर्वाळा गव्हर्नरने नेमलेल्या समितीने दिला. लाव्ह्यासाठी हा हिशेब वाईट नव्हता! ८ मेच्या सकाळी जड भाग दरीतच गेला. हलका ढग मात्र सरळ शहरावर आला. काही मिनिटांत सुमारे अठ्ठावीस हजार माणसं गेली, गव्हर्नरसुद्धा. वाचलेल्या मोजक्यांत एक कैदी होता, सिपारिस. जाड दगडी भिंतींची कोठडी आणि हवेसाठी एवढीशी जाळी. तेवढ्या जाळीतून आलेल्या गरम हवेने त्याची पाठ आणि पाय भाजले. काही दिवसांनी लोकांनी ढिगाऱ्यातून त्याला बाहेर काढलं.

१८८३मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा हलका ढग तर समुद्रावरून चाळीसेक किलोमीटर सरकत सुमात्राच्या किनाऱ्यावर पोचला आणि तिथली माणसं भाजली. मध्ये समुद्र आहे म्हणून निर्धास्त राहावं, तर तेही नाही.

बरं, अडाण्यांनाच हे कळत नाही असं समजू नका. मोरीस आणि कात्या क्राफ्त हे फ्रेंच जोडपं आयुष्यभर ज्वालामुखींचं चित्रीकरण करत होतं. ३ जून १९९१ रोजी जपानमध्ये उन्झेनचा घुमट ढासळला, तेव्हा दोघं अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरी ग्लिकन यांच्यासोबत नदीच्या पात्रापेक्षा उंच जागी उभी होती. त्याआधीचे लहान लोंढे पात्रातच राहिले होते. या वेळी राखेचा ढग काठ चढून वर आला. एकूण ४३ जण गेले. त्यांत पत्रकार होते, अग्निशमनाची माणसं होती, पत्रकारांना घेऊन आलेले टॅक्सीवालेही होते.

क्राफ्त यांनी धोके समजावणारी एक चित्रफीत बनवली होती. त्याच सुमारास ती फिलिपिन्समध्ये पिनाटुबोच्या परिसरातल्या अधिकाऱ्यांना आणि लोकांना दाखवली जात होती. कागदावरचे नकाशे पाहून न हललेली माणसं पडद्यावरचा तो ढग पाहून हलली. हजारो कुटुंबांनी गाव सोडलं. उन्झेननंतर बाराच दिवसांनी, १५ जूनला, पिनाटुबो फुटला आणि त्याच्या काही दऱ्या दोनशे मीटरपर्यंत राखेने भरून गेल्या.