समुद्राची वाट हरवलेली ह्वाय नदी

[दृश्य: नकाशा, पूर्व चीन]

उत्तरेला पीत नदी, दक्षिणेला यांगत्से आणि या दोघींच्या मधोमध ह्वाय. हनान प्रांतातल्या थोंगपाय डोंगरात उगम, लांबी सुमारे हजार किलोमीटर. चीनच्या शेतीची सीमारेषा हिच्याच काठाने जाते. दक्षिणेला भात, उत्तरेला गहू. प्राचीन चीनमध्ये स्वतःच्या पायांनी समुद्र गाठणाऱ्या चार महानद्यांत हिची गणना व्हायची. आज मात्र होंगझ सरोवरातून बाहेर पडल्यावर समुद्र पूर्वेला असताना ती दक्षिणेला वळते आणि यांगत्सेला मिळते. तिचं मुख गेलं कुठे?

[दृश्य: यांगचौजवळचा कालवा]

ख्रिस्तपूर्व 486. वू राज्याच्या फूचाय राजाला उत्तरेकडच्या छी राज्यावर चाल करायची होती. फौजेची रसद होड्यांनी न्यावी म्हणून त्याने यांगत्सेपासून ह्वायपर्यंत कालवा खणला, वाटेतली तळी जोडत जोडत. इसवी सन 605 मध्ये सुई घराण्याच्या सम्राटाने तोच कालवा रुंद केला. पुढे महाकालवा म्हणून जो ओळखला गेला, त्याचा हा सर्वांत जुन्या तुकड्यांपैकी एक.

कालवा आणि नदी यांची पातळी सारखी नसे. मग धान्याने भरलेली होडी उतारावरून दोरांनी ओढायची आणि पलीकडे सोडायची. त्यात होड्या फुटत. शिवाय कामावरचेच लोक आसपासच्या चोरांशी संगनमत करून सरकारी धान्य लांबवत. 984 मध्ये छ्याव वेइयुए या सोंग घराण्याच्या अधिकाऱ्याने यावर तोड काढली. पन्नास-एक पावलांच्या अंतरावर दोन दरवाजे, वर मांडवासारखं छप्पर. होडी आत घ्यायची, मागचा दरवाजा खाली सोडायचा, पाणी हवं तेवढं चढू किंवा उतरू द्यायचं आणि मग पुढचा दरवाजा उघडायचा. नोंदीत सापडणारं जगातलं हे पहिलं दुहेरी लॉक. पनामा कालव्यात जहाजं चढवतात ती याच तत्त्वाने. एवढ्या मोठ्या शोधामागे धान्यचोरीचा वैताग असावा, हे मला तरी भारी वाटतं.

[दृश्य: गढूळ पाण्याचा लोंढा]

ह्वायचं दुर्दैव मात्र उत्तरेकडून आलं. 1128 मध्ये उत्तरेकडून चालून आलेल्या जुर्चेन लोकांच्या फौजांना अडवण्यासाठी सोंग बाजूने पीत नदीचा बांध फोडला. नदी दक्षिणेला सरकली, आणि 1194 च्या पुरानंतर ह्वायच्या खालच्या पात्रात तिने बस्तानच बसवलं. तिच्याबरोबर आला गाळ. पात्र भरत गेलं, ह्वायचं पाणी मागे तुंबत गेलं, होंगझ सरोवर फुगत गेलं.

पीत नदीला उत्तरेकडे का जाऊ दिलं नाही? कारण बीजिंगचं पोट कालव्यावर होतं. मिंग घराण्याच्या काळात दरसाल 40 लाख शी धान्य दक्षिणेतून राजधानीला जायचं. शी हे तिथलं धान्याचं माप. पीत नदी उत्तरेला फुटली की ती कालवाच तोडायची, म्हणून 1495 च्या सुमारास त्या बाजूला लांबलचक बांध घालून तिच्या वाटा बंद केल्या गेल्या.

आता खरी अडचण होती छिंगखोऊला. पीत नदी, ह्वाय आणि कालवा इथे एकत्र येत. पीत नदीचा गाळ कालव्यात शिरला की होड्या रुतणार. फान चीशुन या जलतज्ज्ञाचा उपाय हुशारीचा होता. ह्वायचं निवळ पाणी होंगझमध्ये साठवून उंच करायचं आणि त्याच्या जोराने गाळ समुद्राकडे ढकलायचा. त्यासाठी 1578 पासून त्याने सरोवराचा पूर्व बांध उंच आणि भक्कम केला. पण पीत नदीचा तळ वर येत राहिला, त्यामुळे बांधही वाढवत राहावं लागलं. सरोवर पश्चिमेला पसरलं आणि 1680 मध्ये सिचौ नावाचं अख्खं शहर पाण्याखाली गेलं. मिंग घराण्याच्या पूर्वजांची समाधीही बुडाली. तिचे दगडी पुतळे 1960 च्या दशकात पाणी ओसरल्यावर पुन्हा दिसले. सिचौ पुरात बुडालं हे खरं, पण होड्या चालाव्यात म्हणून कुठली जमीन बुडाली तरी चालेल, हे दरबाराने आधीच ठरवलं होतं.

[दृश्य: होंगझचा दगडी बांध]

1855 मध्ये पीत नदी स्वतःहून उत्तरेला निघून गेली. मागे राहिलं ते गाळाने आजूबाजूच्या शिवारापेक्षा उंच झालेलं कोरडं पात्र. तोवर ह्वायने यांगत्सेची वाट धरलेली होती. 1938 मध्ये जपानी सैन्य रोखायला चिनी सरकारने ह्वायुआनखोऊला पुन्हा पीत नदीचा बांध फोडला. ते पाणी 1947 पर्यंत ह्वायच्या खोऱ्यात येत राहिलं. लाखो लोकांचे संसार त्यात गेले.

1950 च्या पुरानंतर नव्या कम्युनिस्ट सरकारने काम हाती घेतलं. सरोवरापासून समुद्रापर्यंत 168 किलोमीटरचा सिंचन कालवा 1952 मध्ये तयार झाला. पुराचं पाणी थेट समुद्रात सोडणारा मोठा मार्ग 2003 मध्ये खुला झाला. ह्वायआन शहराजवळ तो महाकालव्याला आडवा येतो. तिथे कालवा पुलावरून नेलाय. वरून बार्ज जातात, खालच्या काँक्रीटच्या बोगद्यांतून ह्वायचं पाणी.

तरीही तिचं बहुतांश पाणी आज यांगत्सेकडेच जातं. आणि फूचायच्या त्याच जुन्या वाटेने, 2013 पासून, पंपांची मालिका यांगत्सेचं पाणी उचलून उत्तरेकडच्या शांतुंगला पोचवते.